जगातले पक्ष, आमची कार्डं : एका गावच्या वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५

गोव्याचा क्रांतिदिन. वाचनालयाचं लांब टेबल आज मोकळं मिळालं. बाहेर सकाळपासून धो धो. १९४६ साली याच तारखेला डॉ. लोहियांनी मडगावात सभा घेतली होती, तेव्हाही असाच पाऊस होता असं वडील सांगत. काम सुरू करायला बरा दिवस.

काम असं. संध्याकाळी पेपर वाचायला येणारे परदेशातल्या निवडणुकांबद्दल विचारतात. अमुक देशात अमुक पक्ष जिंकला, पण तो पक्ष कसला, कधीचा, आधी कुठल्या नावाने होता? परीक्षेची तयारी करणारी मुलंही हेच विचारतात. आमच्या कपाटात मराठीतून याचं उत्तर देणारी सूची नाही. तर ती आपणच करायची. जगातल्या प्रत्येक देशाचे मुख्य पक्ष, एका पक्षाला एक कार्ड, आणि तेच सगळं भाचीच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये.

रकाने ठरवले: मूळ नाव (त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत), नावाचा मराठी अर्थ, स्थापना, चिन्ह, विचारसरणी, आधीचा पक्ष, नंतरचा पक्ष, आजची स्थिती.

पहिलं कार्ड आजच्या दिवसाला साजेसं म्हणून गोव्याच्या जुन्या संघटनांचं काढलं. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांची गोवा काँग्रेस कमिटी १९२८ ची, नॅशनल काँग्रेस (गोवा) १९४६ ची, आझाद गोमंतक दल त्यानंतरचं. पण यांना पक्ष म्हणायचं का? निवडणूक लढवायला निवडणूकच नव्हती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत कायद्याने मान्य अशी एकच संघटना होती, ‘उनियांव नासियोनाल’, १९३० ची. तिला पक्ष म्हणायचं आणि ज्यांनी तुरुंग भोगला त्यांना म्हणायचं नाही, हे मला पटेना. दोन्हींना कार्ड दिलं. स्थितीच्या रकान्यात एकीकडे ‘सत्ताधारी, एकमेव मान्य’, दुसरीकडे ‘बंदी, चळवळ’.

२० जून

शुक्रवार. म्हापशाच्या बाजारातून दोन खोकी कार्डं आणली. जाड घेतली. पावसाळ्यात पातळ कागदाला बुरशी धरते.

२१ जून

‘लिबरल डेमोक्रॅटिक’ या एकाच नावाने दिवस घेतला.

जपानचा ‘जियू मिन्शुतो’ १९५५ साली लिबरल आणि डेमोक्रॅटिक असे दोन पक्ष एकत्र येऊन झाला, म्हणून ते जोडनाव. पक्ष पुराणमतवादी. ब्रिटनचे लिबरल डेमोक्रॅट्स १९८८ चे, तेही दोन पक्षांच्या विलीनीकरणातूनच, पण जुना लिबरल पक्ष आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्ष यांच्या. विचार जपान्यांपेक्षा अगदी वेगळा. रशियातला याच नावाचा पक्ष झिरिनोव्हस्कींचा, कडवा राष्ट्रवादी. मराठी पेपरात तिघेही ‘उदारमतवादी लोकशाही पक्ष’ म्हणून छापून येतात, आणि वाचणाऱ्याला ते तिघे भाऊ वाटतात.

भाची म्हणाली, “मामा, मग मराठी अर्थाचो रकानोच काडून उडयलो जाल्यार?” नको. अर्थ माणसाला हवा असतो. पण मूळ नाव पहिलं आणि ठळक, अर्थ त्याच्या खाली बारीक. पक्षाची ओळख त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या नावाने व्हायला हवी. आपल्या मगोला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, कुणी पोर्तुगीजमध्ये नुसतं भाषांतर करून छापलं तर म्हापशाच्या बाजारात तो पक्ष कुणाला ओळखू येईल?

२३ जून

डेन्मार्क. ‘व्हेन्स्ट्रे’ या शब्दाचा अर्थ ‘डावे’. पक्ष १८७० चा, आणि आज गणला जातो उजवीकडे. आधी मला वाटलं आमचंच काही चुकलं. चुकलं नव्हतं. हे लोक त्या वेळी ‘होय्रे’ म्हणजे ‘उजवे’ यांच्या विरोधात, शेतकऱ्यांच्या बाजूने उभे होते, आणि त्या मानाने डावेच होते. पुढे त्यांच्याही डावीकडे समाजवादी आले. आजूबाजूचे लोक सरकले, नाव जागच्या जागी राहिलं. ‘होय्रे’ने १९१५ साली नाव बदलून कॉन्झर्व्हेटिव्ह केलं, व्हेन्स्ट्रेने बदललं नाही. त्यातून १९०५ साली फुटलेला पक्ष ‘रादिकाले व्हेन्स्ट्रे’, म्हणजे शब्दशः जहाल डावे. तो आज मध्यावरचा.

विचारसरणीचा रकाना यापुढे नावावरून भरायचा नाही. पक्ष आज संसदेत कुणाबरोबर बसतो आणि युरोपात असेल तर युरोपीय संसदेत कुठल्या गटात आहे, ते बघून भरायचा. हा नियम भाचीने कागदावर लिहून भिंतीला लावला.

डेन्मार्कमुळे ‘चिन्ह’ हा रकानाही बदलावा लागला. तिथे मतपत्रिकेवर पक्षाचं अक्षर असतं: सोशल डेमोक्रॅट्सना ए, व्हेन्स्ट्रेला व्ही. ब्राझीलमध्ये आकडा असतो, मतदार यंत्रावर तो आकडा दाबतो. कामगार पक्षाचा १३. इस्रायलमध्ये हिब्रू अक्षरं, आणि मजूर पक्षाच्या तीन अक्षरांचा मिळून शब्द होतो ‘एमेत’, सत्य. आपल्याकडे चित्रं, कारण पहिल्या निवडणुकांत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. रकान्याचं नाव आता ‘मतपत्रिकेवरची खूण’.

२५ जून

मोझांबिकच्या स्वातंत्र्याला आज ५० वर्षं झाली. तारीख साधून फ्रेलिमोचं कार्ड केलं. २५ जून १९६२, दार-एस-सलाम, म्हणजे पक्ष जन्मला तोच परदेशात. देश स्वतंत्र झाला १९७५ च्या याच तारखेला. या कार्डाच्या मागच्या बाजूला गोव्याची ओळ आहे: आपल्या बार्देशचे आकिनु द ब्रागांझ हे मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार होते, आणि १९८६ च्या ऑक्टोबरात माशेल यांच्यासोबत त्याच विमान अपघातात गेले. वाचनालयात येणाऱ्या तिघांनी विचारलं, हे कोण? म्हणजे ही ओळ लिहायलाच हवी होती.

पोर्तुगीज उच्चारांसाठी आमच्या वाड्यावरच्या टीचरकडे गेलो. ऐंशी उलटून गेलेल्या. शिक्षण पोर्तुगीज अमदानीत झालं, नंतर आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्यांनी पहिल्याच कार्डावर बोट ठेवलं, “पार्तीदो न्हय रे, पार्तीदु.” शब्दाच्या शेवटी आघात नसलेला ‘ओ’ लिस्बनच्या पोर्तुगीजमध्ये ‘उ’ होतो. चौदा कार्डं पुन्हा लिहिली.

२८ जून

पोर्तुगालची सगळी कार्डं टीचरसोबत एका बैठकीत.

१९७४ च्या २५ एप्रिलला राजवट उलथली. ‘उनियांव नासियोनाल’ने १९७० मध्येच नाव बदलून ‘आसांव नासियोनाल पोपुलार’ केलं होतं, ती त्या दिवशी संपली. समाजवादी पक्ष वर्षभर आधी, १९७३ मध्ये, पश्चिम जर्मनीत स्थापन झालेला, कारण पोर्तुगालमध्ये तो काढता येत नव्हता. कम्युनिस्ट पक्ष १९२१ चा, बहुतेक आयुष्य भूमिगत. आणि ‘पार्तीदु सोसियाल देमोक्राता’. नाव सोशल डेमोक्रॅट, बसतो युरोपीय संसदेत ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि पुराणमतवादी यांच्या गटात. हा १९७४ ला ‘पोपुलार देमोक्रातिकु’ म्हणून निघाला आणि १९७६ ला हे नाव घेतलं. क्रांतीनंतरच्या त्या दोन वर्षांत तिथे सगळेच डावीकडे तोंड करून उभे होते, आणि नाव त्या हवेतलं आहे.

टीचर शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, शाळेत असताना त्यांना एकच पक्ष माहीत होता आणि त्याला कुणी पक्ष म्हणतच नसे, सरकारच म्हणत.

३० जून

पैगेसी (पीएआयजीसी) आणि पैसीव्ही (पीएआयसीव्ही). आफ्रिकेतल्या गिनी-बिसाव आणि काबु व्हेर्द (केप व्हर्द) या दोन देशांसाठी मिळून एकच पक्ष होता, आमिलकार काब्राल यांनी उभा केलेला पैगेसी. १९८० च्या नोव्हेंबरात बिसावमध्ये लष्करी उठाव झाला आणि जानेवारी १९८१ मध्ये काबु व्हेर्दवाल्यांनी वेगळा पक्ष केला, तो पैसीव्ही. आमची पेटी देशाप्रमाणे लावलेली, आणि पक्ष दोन देशांचा. दोन्ही देशांत कार्ड ठेवलं, एकमेकांकडे बाण दाखवून.

४ जुलै

बाणांची पद्धत नीट ठरवायला हवी होती, ती आज ठरवली. मेक्सिकोने शिकवलं. तिथे १९२९ चा पीएनआर, १९३८ ला पीआरएम झाला, १९४६ ला पीआरआय. माणसं तीच, सत्ता तीच, २००० पर्यंत राष्ट्राध्यक्ष त्यांचाच. हे नामांतर. तीन कार्डं नाहीत, एकच कार्ड, तीन नावं. दक्षिण कोरियातही तसंच: हान्नारा, मग २०१२ ला सेनुरी, २०१७ ला जायू हान्गुक, २०२० ला मिरे तोन्घाप आणि त्याच वर्षी ‘गुंमिनुइ हिम’, म्हणजे जनशक्ती. (२०२० चा बदल नुसता नावाचा नव्हता, छोटे गट मिसळले होते. म्हणून तिथे दुहेरी रेषाही.)

तर: नामांतराला सलग रेषा, विलीनीकरणाला दुहेरी, फुटीला फाटा.

७ जुलै

काल आषाढी. आज थायलंड, आणि ठरवलेल्या रेषा पहिल्याच दिवशी अपुऱ्या पडल्या.

‘थाय राक थाय’ १९९८ चा. मे २००७ मध्ये न्यायालयाने विसर्जित केला. लोक ‘फलांग प्रचाचोन’मध्ये गेले, तो डिसेंबर २००८ मध्ये विसर्जित. मग ‘फेउ थाय’. दुसरीकडे ‘अनाखोत माय’ फेब्रुवारी २०२० मध्ये विसर्जित, त्यातून ‘काव क्लाय’, तो ऑगस्ट २०२४ मध्ये विसर्जित, आणि त्याच आठवड्यात ‘प्रचाचोन’. तुर्कस्तानातही १९९८ ला ‘रेफाह’ बंद झाला, २००१ ला ‘फझिलेत’ बंद झाला, आणि त्यातल्या माणसांचे त्याच वर्षी दोन पक्ष निघाले, ‘सादेत’ आणि आज सत्तेत असलेला ‘एकेपी’.

कायद्याने हे सगळे नवे पक्ष आहेत. माणसांनी बघितलं तर जुनेच. सलग रेषा काढली तर न्यायालयाचा निकाल झालाच नाही असं होतं. रेषाच काढली नाही तर ज्या लाखो लोकांनी एकापाठोपाठ एक तीन नावांना मत दिलं, त्यांची गोष्ट तुटते. चौथी रेषा काढली, तुटक. तिचा अर्थ: पक्ष संपला, माणसं पुढे गेली.

मला या सूचीतली ही तुटक रेषा सगळ्यात महत्त्वाची वाटते.

१२ जुलै

नेपाळ. २०१८ मध्ये एमाले आणि माओवादी केंद्र हे दोन कम्युनिस्ट पक्ष एकत्र आले आणि ‘नेपाल कम्युनिष्ट पार्टी’ झाली. पण त्या नावाचा एक पक्ष निवडणूक आयोगाकडे आधीच नोंदलेला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव त्याचंच, आणि एकत्र आलेले दोघे पुन्हा आपापल्या जुन्या जागी. जवळजवळ दोन तृतीयांश बहुमताचा पक्ष एका नावाच्या नोंदीवरून सुटा झाला. दुहेरी रेषा, आणि तिच्यावर काट. काट मारायची, खोडायचं नाही.

१६ जुलै

वीज दिवसभर नव्हती. कार्डं हाताने.

२२ जुलै

पक्ष नसलेले देश. यांनाही कार्ड हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आमचं राहून गेलं. भाचीने यांच्यासाठी पिवळी कार्डं घेतली.

तुवालूच्या संसदेत १६ सदस्य, सगळे अपक्ष. पक्षाला बंदी नाही, पण नऊ बेटांवरच्या थोड्याशा माणसांत ती पद्धतच पडली नाही. मायक्रोनेशिया आणि पलाऊ इथेही तसंच. सौदी, ओमान, कतार, अमिराती इथे पक्ष नाहीत ते परवानगी नाही म्हणून. बहरीनमध्ये ‘पक्ष’ म्हणत नाहीत, ‘राजकीय संस्था’ म्हणतात. कुवेतमध्ये पक्षांना कायदेशीर मान्यता नव्हतीच, पण निवडून आलेल्या संसदेत गट होते. मे २०२४ मध्ये ती संसदच बरखास्त झाली. आमच्या गावातली बारा-पंधरा घरं कुवेतच्या पैशावर उभी आहेत. तिथून सुट्टीवर आलेला एकजण हे कार्ड उभ्याउभ्याच वाचून गेला.

म्हणजे पिवळ्यातही दोन रंग झाले. ‘पद्धत नाही’ आणि ‘परवानगी नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका ओळीत लिहिता येणार नाहीत.

२ ऑगस्ट

भारत. राष्ट्रीय पक्ष सोपे वाटले होते, पण काँग्रेसच्या एका कार्डाची अकरा झाली. १९६९ ची फूट, बैलजोडी गोठली, इंदिरा गांधींच्या बाजूला गाय-वासरू, १९७८ च्या फुटीनंतर हात. प्रत्येक फुटीत दोन्ही बाजू म्हणत होत्या की आम्हीच खरे.

आमच्याकडे रोज येणारे दोघे शेजारच्या महाराष्ट्रातल्या अलीकडच्या फुटींवरून टेबलापाशीच तावातावाने बोलायला लागले. ‘खरी’ कुठली ते कार्डावर लिहा म्हणाले. मी नम्रपणे सांगितलं की कार्डावर एवढंच येईल: फुटीची तारीख, आयोगाने नाव आणि चिन्ह कुणाला दिलं (शिवसेनेच्या बाबतीत फेब्रुवारी २०२३, राष्ट्रवादीच्या बाबतीत फेब्रुवारी २०२४), आणि दुसऱ्या गटाला कुठलं नाव मिळालं. दोन्ही बाजूंना पूर्ण कार्ड, सारख्या मापाचं. खरा कोण हे ठरवायचं काम मतदाराचं आणि न्यायालयाचं आहे. सूचीने ते अंगावर घेतलं तर तिच्यावर कुणाचा विश्वास राहणार नाही.

११ ऑगस्ट

परवा, ९ तारखेला, निवडणूक आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले. सहा वर्षांत एकही निवडणूक लढवलेली नाही, दिलेल्या पत्त्यावर कार्यालय सापडलं नाही. २,८५४ मधून उरले २,५२०. हे एवढे सगळे आम्ही घेणारच नव्हतो, पण आमच्याकडे असलेल्या कार्डांपैकी काही त्यात असणार. भाची विचारत होती, ती कार्डं फाडायची का. एकही फाडायचं नाही. स्थितीच्या रकान्यात तारीख घालून ‘यादीतून वगळला’. कधीतरी चार माणसांनी बसून त्या पक्षाला नाव दिलं होतं.

१७ ऑगस्ट

गोवा. हा विभाग मी शेवटी ठेवला होता, आणि मुद्दाम ठेवला होता, हे आज मान्य करतो.

वडील मास्तर होते आणि मगोचे होते. पक्ष १९६३ चा, भाऊसाहेब बांदोडकर त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर पहिले मुख्यमंत्री. बहुजन समाजाच्या मुलांसाठी गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एका शाळेत वडील शिकवत आणि मी शिकलो. हे कार्ड मी एका दमात लिहिलं आणि खुणेच्या रकान्यात लिहिलं ‘फूल’.

संध्याकाळी टीचर आल्या. चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “फूल? शींव न्हय?”

सिंह. अर्थात सिंह. मगोची खूण पहिल्यापासून सिंह आणि आजही सिंह. फूल ही १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलातली खूण होती: महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. मी तेव्हा सहा वर्षांचा. घरात दिवसभर ‘फुलावर शिक्का’ एवढंच ऐकू येई, आणि तेवढंच ५८ वर्षं डोक्यात राहिलं. पक्ष आणि प्रश्न माझ्या मनात एकच होऊन बसले होते.

मतदारांच्या मनात मात्र ते एक नव्हते. कौलाचा निकाल विलीनीकरणाच्या विरुद्ध लागला, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच लोकांनी विलीनीकरण मागणाऱ्या मगोला पुन्हा सत्तेवर बसवलं. ज्यांनी दोन पानांवर शिक्का मारला त्यांतल्या बऱ्याच जणांनी नंतर सिंहावर मारला असणार, नाहीतर हा हिशेब लागत नाही. इतकी वर्षं हे आकडे माहीत होते, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलेच नव्हते.

कार्ड नवं लिहिलं. कौलाला स्वतंत्र कार्ड दिलं, कारण तो कुठल्याच पक्षाचा नव्हता.

१९ ऑगस्ट

युनायटेड गोवन्सचं कार्ड. दोन दिवस हात लावला नव्हता.

आमच्या घरात या पक्षाचं नाव चांगल्या अर्थाने कधी घेतलं गेलं नाही. पण इतर साडेचारशे पक्षांना लावलेला नियम इथे मोडायचा असेल, तर सूचीच बंद करायला हवी. तर नियमाप्रमाणे: १९६३, अनेक छोटे गट एकत्र येऊन, म्हणून दुहेरी रेषा. नेते डॉ. जॅक सिक्वेरा, पहिल्या विधानसभेत विरोधी पक्षनेते. मागणी: गोव्याचं वेगळं अस्तित्व. १९६७ मध्ये फूट, सिक्वेरा गट आणि फुर्तादो गट, म्हणून फाटा. १९७७ च्या निवडणुकीत हा पक्ष रिंगणात नाही. तिथून तुटक रेषा, काही काँग्रेसकडे, काही जनता पक्षाकडे. माणसं पुढे गेली. आणि १९८७ च्या ३० मे रोजी गोवा राज्य झालं, तेव्हा ते मागणारा पहिला पक्ष शिल्लक नव्हता. हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर बराच वेळ तसाच बसलो होतो.

२३ ऑगस्ट

ते कार्ड टीचरना दाखवलं. त्यांच्या घरच्यांनी दोन पानांवर शिक्का मारला होता, हे त्यांनी पहिल्यांदाच मला सांगितलं. माझे वडील आणि टीचरचे वडील यांचं कौलानंतर वर्षभर बोलणं बंद होतं, हेही. मला हे ठाऊकच नव्हतं.

कार्डात त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. मराठी अर्थाच्या रकान्यात मी ‘संयुक्त गोमंतकीय’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, “गोंयकार बरय.” आमच्यात थोडी चर्चा झाली. रकाना मराठी अर्थाचा आहे, तिथे मराठी शब्दच हवा. पण ज्यांनी तो पक्ष काढला ते स्वतःला गोमंतकीय म्हणत नव्हते, गोंयकार म्हणत होते, आणि मूळ नाव आधी हा नियम माझाच आहे. शेवटी ‘संयुक्त गोमंतकीय’च्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने ‘गोंयकार’ लिहिलं. देवनागरी लिहायची फारशी सवय नाही त्यांना, अक्षर मोठं आलंय, रकान्याबाहेर गेलंय. तसंच राहू दे.

२५ ऑगस्ट

गोवा विभाग वर्णक्रमाने लावून पेटीत ठेवला. ‘म’च्या मागे लगेच ‘य’ येतो. महाराष्ट्रवादी गोमंतक आणि युनायटेड गोवन्स ही दोन कार्डं एकमेकांना चिकटून उभी आहेत, मध्ये तिसरं कुठलंच येत नाही.

परवा चवथ. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला उद्या म्हापशाला जायचं, वाचनालय पाच दिवस बंद. कार्डांत ओल धरू नये म्हणून पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवला. उघडल्यावर उरुग्वे घ्यायचं. तिथल्या ब्लांको आणि कोलोरादो पक्षांची नावं १८३६ च्या लढाईत बांधलेल्या पांढऱ्या आणि लाल पट्ट्यांवरून पडली, म्हणजे खुणेचा रकाना आधी भरायला लागेल आणि नावाचा नंतर.